भागूआजीने बसवलेला खेळ

एकोणतीस ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन्न, सोमवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. या प्रकरणात तारीख एवढी एकच. ती लक्षात राहण्याचे कारण असे की त्या घटकेला मी आमच्या बरकतपुऱ्यातील घराच्या ओट्यावर दात घाशीत उभा होतो आणि सायकलवरून आलेल्या एका शिपायाने आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावाची चिठ्ठी माझ्या ओल्या हातात ठेवली. चिठ्ठी परभणीच्या पाहुण्यांची होती. माझ्या बहिणीला पाहण्यासाठी ते पुढच्या रविवारी येणार होते, ते आता आजच दुपारी चार वाजता येणार होते. मुलगा परभणीला शाळामास्तर होता. त्याच्या नोकरीचे कागद इथल्या खात्यातून सोडवून घेण्यासाठी सगळी मंडळी हैदराबादेत आली होती, ते काम एका दिवसात आटोपले आणि त्यांना संध्याकाळच्या गाडीने परत जायचे होते. त्या खात्यात निजामी अमलापासून एका दिवसात काहीही झालेले नव्हते. झाले ते नेमके आमच्या वाईटावर.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायला तेव्हा तीन दिवस उरले होते. आप्पांच्या कचेरीत दप्तरांचे तीन ढीग पडले होते : तेलुगू, कानडी आणि मराठी. माणसांचेही तेच. आप्पा मराठी ढिगात पडले आणि त्यांना औरंगाबादेचा हुकूम मिळाला. वास्तविक मराठी त्यांना धड वाचता येत नसे. शिक्षण उर्दूतून, नोकरी उर्दूतून. देवाची पोथी वाचताना ते अडखळत आणि अडखळले की उर्दूत शिवी देऊन पुढची ओवी धरत. दिवाळीनंतर आम्ही बिऱ्हाड हलवणार होतो. आई माजघरात चकल्यांची भाजणी चाळत होती आणि त्याच माजघरात ट्रंका अर्ध्या भरून उघड्या पडल्या होत्या, त्यामुळे त्या वर्षीच्या आमच्या साऱ्या गरम कपड्यांना जिरे-धन्यांचा वास होता.

माझी बहीण वत्सला बावीस वर्षांची होती. नवव्या वर्षी एका तापात तिचे दोन्ही कान गेले. बोलणे गेले नाही, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो कधी विहिरीतून आल्यासारखा येई, कधी गच्चीवरून हाक मारल्यासारखा. समोरच्याचे ओठ ती वाचत असे. मराठी वाची, दखनी वाची आणि भाजीवालीचे तेलुगूही वाची. मांडणीवरची भांडी थरथरली की "मनमाडची गाडी सुटली" असे ती आम्हाला सांगे, आम्ही ऐकणारे मात्र शिट्टीची वाट पाहत असू. बरकतपुऱ्यात हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून बरकतपुऱ्यातून स्थळे येत नव्हती. परभणीला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होऊ द्यायचे नाही, असे आप्पांनी ठरवले होते. आयुष्यात ज्याने कचेरीचा टाक घरी आणला नाही, तो माणूस म्हणाला, "एकदा अक्षता पडू द्या. मग कळलं तरी हरकत नाही." वत्सूला कोणी विचारले नाही. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही, हे नोंदवून ठेवतो.

आता भागूआजी. ती आईची मावशी. स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहत असे. आप्पांच्या मते ती आमच्या घरात राहत होती, आमच्या घरची नव्हती. पाहुणे आले की त्या खोलीचे दार लावले जाई. कारण तिचे पूर्वायुष्य. तेराव्या वर्षी जालन्याच्या सासरी सासूने तिला पाण्याला पाठवले. गावात बायकांची एक नाटक कंपनी उतरली होती. भागूआजी कळशीसकट कंपनीबरोबर गेली. त्या कंपनीत पुरुषांची कामेही बायकाच करीत. ही उंच आणि रुंद, म्हणून हिच्या वाट्याला दाढीमिशा आल्या : भीम, कीचक, रावण, दुःशासन. अनेक वर्षे गावोगावी तिने द्रौपदीचे केस ओढले, द्रौपदी मात्र कोणी तिला दिली नाही. पुढे मुकी चित्रे निघाली. पुण्याच्या एका चित्र कंपनीला खरीखुरी बाई हवी होती. घरंदाज बाया यंत्रापुढे उभ्या राहीनात आणि दाढी घोटलेले पुरुष नायिका म्हणून पडद्यावर भयंकर दिसत. भागूआजी उभी राहिली. तिचा चेहरा, मी छायाचित्रे पाहिली आहेत, अतिशय देखणा होता. कंपनीने तिचे नाव "मिस कमलजा" ठेवले आणि तिला देवी, सती आणि पतिव्रता करून टाकले. सासरी परत न गेलेल्या या बाईने पडद्यावर किती वेळा नवऱ्यासाठी प्राण दिले, याचा तिला स्वतःलाच हिशेब नव्हता. तंबूतल्या खेळांना लोक वहाणा बाहेर काढून बसत आणि ती लक्ष्मी म्हणून आली की पडद्यापुढे नारळ फोडीत. नारळाचे पाणी उडून पडदा खराब होतो, अशी तंबूवाल्यांची तक्रार असे.

मग चित्रे बोलू लागली. भागूआजीचा आवाज कीचक आणि रावण यांच्या गर्जना करून करून कायमचा खर्जात गेलेला होता. तिची परीक्षा घेतली तेव्हा लक्ष्मीच्या मुखातून भीम बोलला. "यंत्रवाल्यानं यंत्र उघडून पाहिलं रे," ती सांगे. "त्याला वाटलं, आतली तार सुटली." दुसऱ्या दिवसापासून तिला कोणी बोलावले नाही. एक ट्रंक घेऊन ती भाचीकडे, म्हणजे आमच्याकडे, हैदराबादेत आली. हे सारे ती कुणालाही दोष न देता सांगत असे. दुपारी चौकातल्या इराण्याच्या हॉटेलातून मी किटलीत चहा आणी, तो ती बशीत ओतून भुरक्यांनी पिई आणि त्या भुरक्यांचाही आवाज पुरुषी होता.

वत्सू आणि ती यांचे सूत जुळले त्यालाही एक चित्रच कारण झाले. मी शाळेत असताना काचीगुड्यात एका फिरत्या तंबूवाल्याने जुनी मुकी चित्रे दाखवली. आप्पा सोडून आम्ही सगळे गेलो. लक्ष्मी भक्ताला वर देते असा प्रसंग होता. तंबूत बायकांनी हात जोडले होते आणि वत्सू एकाएकी एवढ्या मोठ्याने हसू लागली की आईने तिला बाहेर ओढून नेले. घरी आल्यावर तिने सांगितले. पडद्यावरची लक्ष्मी उजवा हात उंचावून म्हणत होती, "मेल्या, लांब हो, चार दिवसांत अंग धुतलं नाहीस का? मला वांती येतीय." मुक्या चित्रात नटाने काय बोलावे हे कोणी ठरवीत नसे. यंत्रामागून दिग्दर्शक फक्त ओरडे, "करुणा! आणखी करुणा!" आणि भागूआजी करुण चेहऱ्याने मनात येईल ते बोले. भागूआजीने हे ऐकले आणि वत्सूच्या पाठीत गुद्दा घातला. म्हणाली, "एवढ्या वर्षांत एकच प्रेक्षक भेटला मला, तोही बहिरा." आता हैदराबादेतच, कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये, माझे नातू आवाज बंद करून मोबाइलवर कसलीशी चित्रे पाहतात आणि खाली इंग्रजीत उमटणाऱ्या अक्षरांवर भरवसा ठेवतात. अक्षरांवर मी तरी भरवसा ठेवीत नाही.

तर त्या सोमवारी सकाळी आठ वाजता आप्पा मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते तिथे गेल्याचे मला आठवत नाही.

"जरा काम होतं," ते म्हणाले.

"माझ्याकडं? जावईबापू, तब्येत बरी हाय ना?" आतून भीम बोलला. "हौ, कळलं मला. चारला पब्लिक येतंय."

"पब्लिक नाही. पाहुणे."

"तिकीट काढत नाहीत ते पाहुणे. बोला."

आप्पांनी सांगितले. मुलगी बहिरी आहे हे तासाभरात लक्षात येऊ नये, एवढेच हवे होते. भागूआजीने अडचण ताबडतोब ओळखली. पाहायला आलेल्या मंडळींपुढे मुलीने मान खाली घालून बसायचे असते. मान खाली घातली तर ओठ दिसणार नाहीत. मान वर करून परक्या पुरुषांच्या तोंडाकडे टक लावली, तर पोहे यायच्या आधीच पाहुणे उठतील.

"प्रॉम्प्टर लागेल," ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिले. "हा घोडा बसेल खाली. सुपारीचं तबक घेऊन. पाव्हण्यांकडं पाठ, हिच्याकडं तोंड. ती मान खाली घालेल तिथं ह्याचं थोबाड यायला पाहिजे. ते विचारतील ते हा नुसत्या ओठांनी बोलेल."

"सतरा वर्षांचा मुलगा बहिणीच्या पायाशी बसलेला बरा दिसेल का?" आप्पांनी विचारले.

"बावळट म्हणतील. तुमच्या पोराला बावळट म्हटलेलं चालत नसंल, तर पोरीला बहिरी म्हणू द्या."

आप्पांना बावळट चालला.

तालीम दहा वाजता सुरू झाली. भागूआजी आळीपाळीने मुलाची आई, वडील आणि मामा झाली. तिने खुर्च्या मांडल्या, माझी बैठक दोनदा हलवली, माझ्या तोंडातली सुपारी काढायला लावली आणि "ओठ नीट उघड रे, अफू खाल्लीस का?" म्हणून माझी हनुवटी धरून हलवली. वत्सूचा आवाज चढला की मी अंगठा खाली करायचा, असे ठरले. वत्सू चटकन शिकली. बाराच्या सुमारास ती एकाएकी मान वर करून म्हणाली, "आजी, लग्नानंतर दत्ता परभणीला येऊन माझ्यापुढं असाच बसणार का?"

भागूआजीने तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग पदर खोचून म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून घ्या." त्या तालमीत तिने तोंडाने दिलेले हे शेवटचे उत्तर. नंतरच्या सूचना तिने हातानेच दिल्या.

चार वाजता पाहुणे आले. मुलाचे वडील आणि मामा मधोमध, आई त्यांच्या उजवीकडे, आणि मुलगा, माधवराव, अगदी टोकाच्या खुर्चीवर. भागूआजीच्या खोलीचे दार लावले गेले. वत्सू अंजिरी लुगड्यात येऊन बसली आणि मी तिच्या पायाशी तबक घेऊन मांडी ठोकली. मामांनी मला पाहून आप्पांना हळूच विचारले, "हा असाच आहे का?" आप्पा म्हणाले, "असाच आहे."

नाव काय, शिक्षण किती, शिवण येते का, ज्वारीच्या भाकरी थापता येतात का. मी ओठ हलवत गेलो, वत्सू उत्तरे देत गेली. तिची खाली वळलेली नजर, हळू आवाज, प्रश्नानंतर क्षणभर थांबून बोलणे : सगळे शालीन दिसत होते. मुलाच्या आईचा चेहरा निवळत चालला होता. आप्पांच्या कपाळावरचा घाम वाळला. तोच स्वयंपाकघरात आईने पोह्यांची दुसरी खेप करायला घेतली, फोडणीत मिरची पडली, तिचा खकाणा भिंतीपलीकडे गेला आणि मागच्या खोलीतून एक शिंक आली. ती शिंक कोणत्याही मापाने बाईची नव्हती.

"आत कोण पुरुष आहे?" मामा ताठ झाले.

"कोणी नाही," आप्पा म्हणाले.

"आम्ही ऐकलं की."

"शेजारचं घर लागूनच आहे."

मुलाच्या आईला वाद नको होता. तिने विषय बदलायचा म्हणून वत्सूला गोड आवाजात विचारले, "घरात कोण कोण असतं गं तुमच्या?"

भागूआजीच्या त्या खेळात एक मोठी चूक होती, ती मला त्या क्षणी दिसली. वत्सूपर्यंत प्रश्न पोचवायची सोय केली होती. आप्पांची थापही तिच्यापर्यंत पोचवावी लागेल, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मी नेमून दिल्याप्रमाणे प्रश्न ओठांवर आणला आणि वत्सूने प्रामाणिकपणे सांगितले, "आई, आप्पा, दत्ता, मी आणि भागूआजी. तिला आत कोंडलंय."

"कोणी नाही म्हणालात ना?" मामा आप्पांवर उलटले. मग वत्सूकडे वळून म्हणाले, "मुली, खरं काय ते तू सांग. तुझे वडील म्हणतात आत कोणी नाही."

मी ओठ हलवले नाहीत. काय हलवावे ते मला कळेना. वत्सू माझ्या तोंडाकडे पाहत शांत बसली होती, चेहऱ्यावर तेच शालीन हसू. मामांनी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा ओरडून विचारले. ती तशीच हसत राहिली. ते हसू मला आजही नीट आठवते, आणि मी आठवणी काढणारा माणूस नाही.

टोकाच्या खुर्चीवरून माझा एक गाल हलताना दिसत असला पाहिजे. माधवराव उठले, माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसले आणि वत्सूच्या नजरेच्या वाटेत आपले तोंड आणून त्यांनी सावकाश विचारले, "तुम्हाला ऐकू येत नाही का?"

वत्सूने डोळे बारीक केले. मग मला विचारले, आणि अंगठा खाली करायला माझा हात मोकळा नव्हता, म्हणून ते साऱ्या बरकतपुऱ्याला ऐकू गेले असावे : "दत्ता, हे काय म्हणतायत? मिशीआड काही दिसतच नाही."

मी ओठांनी प्रश्न सांगितला, नेमका, एक शब्द न बदलता. वत्सूने मान वर केली, माधवरावांकडे सरळ पाहिले आणि म्हणाली, "नाही. नववं लागल्यापासून. सांगायचं नाही म्हणाले होते, पण तुम्हीच विचारलंत."

मुलाचे वडील उभे राहिले. आप्पाही उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "खता मेरी है, हुजूर." मराठीत माफी मागण्याचा त्यांना सराव नव्हता.

त्याच वेळी मागचे दार उघडून भागूआजी बाहेर आली. पदर कमरेला, नाक लाल. "पोरीला बोलू नका," ती मामांना म्हणाली. "तीन तास मी तिला खोटं शिकवलं. तिला आलं नाही. मला बोला."

मामा तो आवाज ऐकून एक पाऊल मागे सरले. पण मुलाची आई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "अगंबाई, लक्ष्मी!" लहानपणी परभणीच्या तंबूत ती वहाणा काढून बसली होती आणि तिच्या आईने पडद्यापुढे नारळ फोडला होता. ती वाकली. भागूआजीने उजवा हात उंचावला. त्या वेळी ती काय म्हणाली ते सगळ्यांनी ऐकले : "पुरे, पुरे, कंबर धरंल." यावर वत्सू हसली आणि मुलाची आईही हसली. आप्पांनी मात्र जोडलेले हात तसेच ठेवले होते.

"चला," मुलाचे वडील म्हणाले. "गाडी चुकेल." ते, मामा आणि नाइलाजाने मुलाची आई, तिघे बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आप्पा भागूआजीकडे वळले. "हेच करायचं होतं का?" त्यांनी विचारले.

"जावईबापू, प्रेक्षक उठून स्टेजवर चढला. त्याला मी काय करू?" ती म्हणाली आणि पोह्यांची एक बशी उचलून खोलीत निघून गेली. दार तिने लावले नाही. त्या दिवसानंतर ते कोणी लावले नाही. आम्ही औरंगाबादेला गेलो, ती गेली नाही. ती खोली तिने स्वतःच्या नावावर भाड्याने घेतली आणि तिथेच वारली. पालिकेच्या दाखल्यावर "धंदा" या रकान्यात कारकुनाने "काही नाही" असे लिहिले. मी तेव्हा शिक्षणासाठी परत हैदराबादेत आलो होतो आणि तो दाखला माझ्याच हाती पडला. कारकुनाशी मी भांडलो. उपयोग झाला नाही.

माधवराव ओट्यावर जोडे घालीत होते. त्यांनी मला विचारले, "इथं जवळ न्हावी कुठं?"

मी समजलो आणि म्हणालो, "तुमचे वडील आहेत अजून." बाप जिवंत असताना मुलाने मिशी उतरवायची नसते, हे मलाही माहीत होते.

"आहेत. दिसतायत मला," ते म्हणाले. "कुठं?"

आम्ही मागच्या गल्लीने गेलो. न्हाव्याने साबण लावला, मग वस्तरा थांबवून आमच्या तोंडाकडे पाहिले. "वालिद गुजर गए क्या, साब?"

"नाही," माधवराव म्हणाले. "बाहेर रागावून उभे आहेत."

"तो फिर मैं नक्को," न्हावी म्हणाला आणि त्याने वस्तरा खाली ठेवला. तो माधवरावांनी उचलला आणि आरशात पाहत स्वतःच फिरवला. ओठावर एक जागी कापले. परत येताना ते रुमालाने रक्त टिपत होते. दारात मुलाच्या वडिलांनी त्यांना पाहिले आणि तोंड फिरवले. मामांनी मात्र सुतक पडल्यासारखी टोपी काढली.

मी माधवरावांना आत नेले. खिडकीकडे तोंड करून उजेडात उभे केले. वत्सूला माजघरातून बोलावून त्यांच्यासमोर आणले आणि आईला दंडाला धरून बाहेर घेतले. मग मी एक खुर्ची उचलली, रस्त्यावर नेली आणि मुलाच्या वडिलांना बसायला दिली.